गणित अडतं तेव्हा नेमकं काय अडतं?

"मला हे गणित येत नाही" असं मूल म्हणालं की मोठी माणसं बहुतेक वेळा वही स्वतःकडे ओढतात आणि गणित सोडवून दाखवतात. मूल मान डोलावतं, उत्तर उतरवून घेतं आणि परीक्षेत तसंच गणित आलं की पुन्हा तिथेच अडतं. मग दोन्हीकडून वैताग. "इतक्यांदा समजावलं तरी कसं कळत नाही?" इकडून, आणि "मला गणित जमतच नाही" तिकडून. खरं पाहिलं तर समजावणाऱ्याने कसूर केलेली नसते आणि मुलाच्या डोक्यातही काही कमी नसतं. मूल अडलेलं असतं एका ठिकाणी आणि मदत मिळालेली असते भलत्याच ठिकाणी.

शाळेच्या गणितात मदत मागणं आणि मदत करणं या दोन्ही गोष्टी शिकाव्या लागतात. दोन्हींची सुरुवात एकाच प्रश्नापासून होते: अडलं कुठे?

एकच गणित, चार अडथळे

नळ आणि टाकीचं जुनं गणित घेऊ. एक नळ रिकामी टाकी 6 तासांत भरतो. दुसरा नळ तीच टाकी 3 तासांत भरतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती तासांत भरेल?

पहिली मुलगी 6 आणि 3 यांची बेरीज करते आणि 9 तास लिहून मोकळी होते. तिला बेरीज छान येते, पण टाकी तिच्या डोळ्यांसमोर आलेलीच नाही. तिने गणितातून दोन आकडे उचलले आणि त्यांचं काहीतरी केलं. तिला सूत्र सांगून काहीही साधणार नाही. तिला विचारायचं, "दुसरा नळ एकटाच सोडला असता तर किती तास लागले असते? आता त्याच्या जोडीला आणखी एक नळ आला, तर वेळ वाढेल की कमी होईल?" एवढं विचारून गप्प बसलं तर बहुतेक मुली स्वतःच त्या 9 वर काट मारतात.

दुसरा मुलगा सरासरी काढतो: 9 भागिले 2, म्हणजे साडेचार तास. त्याने थोडा विचार केलाय. दोन नळ आहेत, तेव्हा उत्तर दोघांच्या मधलं असणार, असं त्याला वाटतंय. त्यालाही तीन तासांच्या मर्यादेची आठवण करून द्यावी लागेल, पण तेवढ्याने भागणार नाही. वेळांची बेरीज किंवा सरासरी इथे का चालत नाही, हे त्याला कळायला हवं. प्रश्न असा: "पहिला नळ एका तासात टाकीचा किती भाग भरतो?" 1/6 हे उत्तर त्याच्या तोंडून आलं की गणिताची किल्ली त्याच्या हातात आली.

तिसऱ्या मुलीला हे सगळं ठाऊक आहे. तिने वहीत नीट लिहिलंय: पहिला नळ तासाला 1/6, दुसरा 1/3. पुढे बेरीज करताना मात्र तिने अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. आले 2/9. मग उलटं केलं, 9/2, म्हणजे साडेचार तास. नळ आणि टाकी तिला पूर्ण कळलेली आहे. तिचं अडलंय अपूर्णांकांच्या बेरजेत, म्हणजे दोन-तीन इयत्ता मागे.

चौथ्या मुलाने छेद समान केले, 1/6 अधिक 2/6 बरोबर 3/6, म्हणजे 1/2 असं अचूक काढलं आणि उत्तर लिहिलं: अर्धा तास. त्याची एकही क्रिया चुकलेली नाही. ते अर्धं कशाचं, हे तो विसरला. एका तासात अर्धी टाकी भरते, तेव्हा पूर्ण टाकीला 2 तास. त्याला फक्त विचारायचं, "अर्धं काय?"

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीकडे पुन्हा बघा. दोघांचं उत्तर साडेचारच आहे. फक्त उत्तर बघून फुली मारणाऱ्याला दोघांची चूक एकसारखी वाटेल आणि तो दोघांना एकच गोष्ट समजावेल. तिसऱ्या मुलीला नळ आणि टाकी पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागेल, जी तिला येतेच आहे, आणि अपूर्णांकांचं दुखणं तसंच राहील. म्हणून मला वाटतं, मुलाने केलेलं कच्चं काम पाहिल्याशिवाय कुणीही मदतीला हात लावू नये. मुलांनीही चुकलेल्या ओळी खोडरबराने पुसू नयेत, एक आडवी रेघ मारून तशाच ठेवाव्यात. मदत करणाऱ्याला त्या रेघ मारलेल्या ओळींतच सगळं सापडणार असतं.

पहिल्या मुलीसारखी आकडे उचलायची सवय किती खोल रुजते, हे 1980 च्या सुमारास फ्रान्समध्ये ठळकपणे दिसलं. ग्रेनोबलमधल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं: एका जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुसंख्य मुलांनी आकड्यांची जुळवाजुळव करून उत्तर दिलं. 36 वर्षं. वर्षानुवर्षं "आकडे दिलेत म्हणजे ते वापरायचेच" असं शिकलेली मुलं यापेक्षा वेगळं काय करतील?

वाचण्यातला हा अडथळा मोठेपणीही सुटतोच असं नाही. "प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत" हे वाक्य समीकरणात लिहा, असं 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. तिघांपैकी एकाहून जास्त जणांनी ते चुकवलं. सर्रास होणारी चूक म्हणजे वाक्यातले शब्द ज्या क्रमाने येतात तसंच लिहून टाकणं: 6वि = प्रा. या चुकीवर उपाय सोपा आहे, आकडा घालून पाहायचा. प्राध्यापक 10 असतील तर विद्यार्थी 60. मग 6 गुणिले 60 बरोबर 10 होतं का? नाही. तेव्हा वि = 6प्रा. शाब्दिक उदाहरणात अडलेल्या कुणालाही मी सगळ्यात आधी हेच सुचवेन.

चुकीलाही नियम असतो

एखादं मूल 52 − 38 चं उत्तर 26 लिहितं आणि 71 − 46 चं 35. घरात लगेच शेरा येतो: लक्ष नाही, धांदरटपणा. जरा थांबून ओळी पाहा. 8 मधून 2 गेले 6, 5 मधून 3 गेले 2. पुढच्या गणितात 6 मधून 1 गेला 5, 7 मधून 4 गेले 3. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, वर कोणता आणि खाली कोणता हे न बघता. त्याने एक नियम बनवलाय आणि तो ते इमानदारीने पाळतंय. बरं, हातच्याची गरज नसते तिथे हाच नियम बरोबर उत्तर देतो, त्यामुळे त्याचा त्यावर विश्वासही बसलेला आहे.

1978 मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा चुकांची पद्धतशीर नोंद केली आणि दाखवून दिलं की यातल्या पुष्कळशा चुका वाटेल तशा होत नाहीत. मुलाचा चुकीचा नियम ओळखता आला तर ते पुढच्या गणितात काय उत्तर लिहील हेही आधी सांगता येतं.

मदत करणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. एक चूक दिसली की लगेच दुरुस्त करायची नाही. त्याच जातीची आणखी दोन-तीन गणितं द्यायची आणि बघायचं. चूक एकदाच झाली तर तो हात घसरणं आहे, सोडून द्या. तीच चूक पुन्हा पुन्हा आली तर नियम बदलावा लागेल आणि तो "नीट बघ" म्हटल्याने बदलत नाही. मुलाला त्याच्याच उत्तराशी भिडवावं लागतं: "26 मध्ये 38 मिळव बघू. 52 येतात का?"

विचारायचं कसं

आता मदत मागणाऱ्याच्या बाजूने. मोठ्या इयत्तेतली मुलं हे स्वतः करू शकतात आणि त्यांनी करावंच. समजा समीकरण आहे 2(क्ष − 3) = 5क्ष + 9. "हे येत नाही, सोडवून द्या" असं विचारलंत तर उत्तर मिळेल, पण तुमची चूक तुमच्याकडेच राहील. त्याऐवजी असं विचारून बघा:

"कंस सोडवून 2क्ष − 6 = 5क्ष + 9 आलं, इथपर्यंत बरोबर वाटतंय. पुढच्या ओळीत 3 = 3क्ष आलं, म्हणून क्ष = 1. पण ताळा करताना डावीकडे −4 येतात आणि उजवीकडे 14. म्हणजे चूक या दोन ओळींच्या मध्ये आहे. मला ती दिसत नाहीये."

असा प्रश्न समोर आला तर कुठलाही शिक्षक मिनिटभरात नेमक्या जागी बोट ठेवेल: 9 डावीकडे नेताना काय केलंस? विद्यार्थ्याने −6 मध्ये 9 मिळवले, वजा करायला हवे होते. दोन्ही बाजूंतून 9 वजा केले की −15 = 3क्ष, म्हणून क्ष = −5. ताळा केला तर दोन्हीकडे −16. "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" हे आपण तोंडपाठ करतो, पण पलीकडे काही जात नसतं. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होत असते. ही चूक पुन्हा पुन्हा होणाऱ्यांनी काही दिवस "पलीकडे नेणं" बंदच ठेवावं आणि प्रत्येक ओळीशेजारी "दोन्हीकडून 9 वजा" असं पूर्ण लिहावं.

वरच्या प्रश्नात काय काय आलंय बघा. काय दिलंय, कुठपर्यंत बरोबर वाटतंय, कुठे बिनसलंय, आणि ते बिनसलंय हे कशावरून कळलं. शेवटची गोष्ट ताळ्यामुळे कळली. ताळा हा फक्त उत्तरपत्रिका देण्याआधी करायचा सोपस्कार आहे असं मुलांना वाटतं, पण तो तर विद्यार्थ्याचा हक्काचा परीक्षक आहे आणि तो कधीही, कुठेही हजर असतो. शिवाय प्रश्न असा नीट मांडून लिहायला बसलं की पुष्कळदा लिहिता लिहिताच चूक सापडते आणि विचारायची वेळच येत नाही.

मदत किती करायची

1976 मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना शिकवणारा नेमकं काय करतो याचा बारकाईने अभ्यास केला. अशा मदतीला त्यांनी बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी, आणि भिंत उभी राहिली की ती काढायलाही हवी. वुड यांनी पुढे याच कामातून एक साधा नियम मांडला: मूल चुकलं तर पुढच्या वेळी थोडी जास्त मदत, मूल जमवू लागलं तर लगेच थोडी कमी.

गणिताच्या वहीवर हा नियम आणायचा म्हणजे पेन मुलाच्या हातात ठेवायचं. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. आधी फक्त प्रश्न: "काय काढायला सांगितलंय?" तेवढ्याने गाडी हलली नाही तर बोट एका ओळीवर: "हे परत वाच." तरीही नाही तर लहान आकड्यांचं तसंच गणित. अगदीच नाही तर एक पायरी, एकच, आपण करून दाखवायची आणि पुढची त्याच्यावर सोपवायची. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं. हे थांबणं फार जड जातं. मूल कागदाकडे टक लावून बसलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, त्याला काहीच सुचत नाहीये. पुष्कळदा तेव्हाच त्याला काहीतरी सुचत असतं आणि नेमकं आपण मध्ये बोलतो.

पण म्हणून सगळंच मुलावर सोडून "कर विचार" म्हणत बसणंही बरोबर नाही. विषय अगदी नवा असेल, घनमूळ किंवा वर्गसमीकरण पहिल्यांदाच आलं असेल, तर विचार करायला त्याच्याजवळ सामग्रीच नसते. अशा वेळी सोडवलेली उदाहरणं दाखवणं हीच चांगली मदत. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी नुसतीच गणितं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळ घेऊन तशाच गणितांत चांगली कामगिरी केली. नवशिक्याचं डोकं एका वेळी फार गोष्टी धरून ठेवू शकत नाही. वाट शोधण्यातच सगळी शक्ती गेली तर रीत लक्षात राहायला जागा उरत नाही. विषय सरावाचा झाला की मात्र हीच तयार उदाहरणं निरुपयोगी होत जातात.

सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचून काही होत नाही, वाचताना सगळंच पटतं. प्रत्येक ओळीपाशी "वरच्या ओळीवरून ही ओळ कशी आली?" असं स्वतःला विचारायचं. मग पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर तेच गणित सुरुवातीपासून करायचं. जिथे हात थांबेल तिथेच डोकावायचं, पूर्ण उत्तराकडे नाही. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून पुन्हा. नळांना 6 आणि 3 ऐवजी 10 आणि 15 तास द्या, उत्तर 6 यायला हवं. ते जमलं की एक नळ टाकी 4 तासांत भरतो आणि खालची तोटी भरलेली टाकी 6 तासांत रिकामी करते, असं करून बघा. आता अपूर्णांक मिळवायचे की वजा करायचे, हे ठरवावं लागेल. 12 तास आले तर मदत खरोखर पोचली.

फोनमधली मदत

गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप गेली कित्येक वर्षं आहेत. आता एआयशी गप्पा मारूनही गणित विचारता येतं. याचा परिणाम काय होतो, यावर तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. ज्यांना साधा चॅटबॉट दिला होता त्यांचे सरावातले गुण 48 टक्क्यांनी वाढले. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर तेच विद्यार्थी चॅटबॉट कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाला मात्र थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देणारा चॅटबॉट मिळाला होता आणि त्या गटात हे नुकसान जवळजवळ दिसलं नाही.

तेव्हा साधनापेक्षा ते कसं वापरलं याला जास्त महत्त्व आहे. एआयला विचारायचंच असेल तर आपली वही त्याच्यापुढे ठेवा आणि सांगा: "उत्तर देऊ नकोस. माझी पहिली चुकलेली ओळ कोणती तेवढंच सांग." आणि त्याने सांगितलेलं खरं मानण्याआधी ताळा करा. तोही ठामपणे चुकीचं बोलू शकतो.

अडचण मागच्या इयत्तेची असते तेव्हा

वरच्या तिसऱ्या मुलीसारखी मुलं फार असतात. आठवी-नववीत बीजगणित अडतं आणि खोदत गेलं तर खाली अपूर्णांक निघतात, ऋण संख्या निघतात, नाहीतर पाढे. अशा मुलाला नववीच्याच गणितांचा सराव दुप्पट करायला लावणं हा अन्याय आहे. पाचवीचं पुस्तक उघडण्याची लाज मुलाला वाटते, पालकांना तर जास्तच वाटते. पण मोठ्या मुलाला अपूर्णांक पुन्हा शिकायला लहान मुलाइतका वेळ लागत नाही, त्याची समज वाढलेली असते. नेमकं जे कच्चं आहे तेवढंच काढून पक्कं केलं की वरची गणितं कधी कधी आपोआप सुटायला लागतात.

आणखी एक गोष्ट घरी हमखास होते. 52 − 38 शाळेत दशक सुटं करून शिकवतात: 50 मधला एक दहा सोडवला, 12 मधून 8 गेले 4, उरलेल्या 4 दशकांतून 3 गेले 1, उत्तर 14. घरातलं कुणीतरी वेगळ्या रीतीने शिकलेलं असतं: वर 12 करायचे, 8 गेले 4, मग खालच्या 3 चे 4 करायचे, 5 मधून 4 गेले 1. दोन्ही रीती अचूक आहेत. पण ज्या मुलाची पहिलीच रीत अजून बसलेली नाही, त्याच्यापुढे दुसरी टाकली की ते अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची करतं. आधी मुलालाच विचारावं, "तुमच्या बाईंनी कसं शिकवलंय ते मला दाखव." दाखवताना ते कुठे अडखळतं तेही कळतं.

ज्या पालकांना स्वतःला गणित येत नाही, ते नेहमी म्हणतात की आम्ही काय मदत करणार. त्यांना मी उलट सांगेन, तुम्हाला उत्तर माहीत नाही म्हणून तुम्ही ते देऊन टाकण्याचीही भीती नाही. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी शिक्षकांना सुचवलेले प्रश्न कुणालाही विचारता येतात. काय शोधायचंय? काय काय दिलंय? असंच एखादं गणित आधी केलंय का? उत्तर पडताळून बघता येईल का? मुलाला गणित मोठ्याने वाचायला सांगा आणि ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली ते तुम्हाला समजावून सांगायला सांगा. खोटं खोटं नव्हे, खरंच समजून घ्यायला बसा. ज्या ओळीपाशी ते "ते तसंच असतं" म्हणेल, त्या ओळीला पेन्सिलीने गोल करा.

आणि तिथून पुढे दोघांनाही जमलं नाही तर वही तशीच शाळेत जाऊ द्या. समासात पान क्रमांक, गणिताचा क्रमांक आणि "गोल केलेली ओळ कळली नाही" एवढं लिहिलेलं असू द्या. भरलेल्या वर्गात बाईंना एका मुलासाठी दोन मिनिटंच मिळतात. ती दोन्ही मिनिटं त्या एका ओळीवर खर्च होतील.